अकरा पन्नास ते अकरा बावन्न

रविवारी सकाळी पावणेसातला मनकर्णाला खाटेवर घालून आणलं, तेव्हा तहसीनच्या ड्युटीचा सत्तेचाळिसावा तास चालू होता. शुक्रवारी आठला ती कोसमटोल्याच्या आरोग्य केंद्रात आली, ती अजून क्वार्टरवर गेलीच नव्हती. दुसऱ्या सिस्टरला जिल्ह्याच्या शिबिरावर पाठवलेलं, तिच्या जागी कोणी नाही. डॉक्टर शनिवारी दुपारी नागपूरला घरी गेले होते, सोमवारी येतो म्हणून. ते गेले आणि संध्याकाळपासून पावसानं झोडपायला घेतलं. आधी लाइन गेली, मग टॉवर गेला.

खाटेला पुढून नवरा हेमराज, मागून शेजारचा एक जण. बरोबर सासू शकुबाई, साडी गुडघ्यापर्यंत खोचलेली, पायांना अजून भाताच्या बांधीतला चिखल. सासरा गुणवंतराव छत्री धरून मागं. दोन कोस चालत आले होते.

"काय झालं?"

"पहाटपासून पोट दुखून राह्यलं म्हणे," हेमराज म्हणाला. "आम्हाले वाटलं, दिवसभर रोवण्यात वाकून वाकून दुखत असन. मंग उलटी झाली."

"पोटाचं नाई, बाई," शकुबाई मधेच बोलली. "तिचे डोळे पाहा. उघडतच नाईत."

तहसीननं टॉर्च मारला. पंचविशीतली बाई, हाडापेरानं मजबूत. पापण्या अर्ध्यावर येऊन थांबलेल्या, जशा गाढ झोपेत असाव्यात, पण बाई जागी होती. ओठाच्या कोपऱ्यातून लाळ गळत होती.

"नाव काय तुझं?"

"म… मन…" जीभ उचलतच नव्हती.

"मान उचल. उशीवरून वर उचल."

मान दोन बोटं उचलली आणि पडली.

"खाली झोपली होती का?"

"ओसरीवर. सतरंजी टाकून," शकुबाई म्हणाली. "मी पाह्यलं सारं अंग. डसल्याचं काई दिसत नाई."

"मण्यार डसते तेव्हा दिसत नाही," तहसीन म्हणाली आणि फ्रिजकडे गेली.

लाइन नसल्यामुळे फ्रिज बंद होता, पण सर्पदंशाच्या सिरमच्या बाटल्या पावडरच्या होत्या, त्यांना धोका नव्हता. चौदा बाटल्या. तिनं दहा काढल्या. मग फोन हातात घेतला. टॉवरच्या काड्यांच्या जागी फुली. डॉक्टरच्या ऑर्डरशिवाय सिरम द्यायचं म्हणजे उलटं झालं, अंगावर पित्त उठलं, रक्तदाब कोसळला, तर सांगायला कोणी नाही. भिंतीवर सर्पदंशाचा छापील कागद चिकटवलेला होता. तो तिला पाठ होता, तरी ती त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली आणि पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचला. मग एक एक बाटली पाण्यानं विरघळवायला बसली. हलवायची नाही, तळहातात फिरवायची. दहा बाटल्यांना पंधरा मिनिटं गेली.

केसपेपरवर तिनं लिहिलं: सात वाजून पाच. सिरम सुरू. डॉक्टर उपलब्ध नाहीत. फोन बंद.

आतल्या खोलीतून सुगंधाबाईनं हाक मारली. सुगंधाबाई केंद्रातली परिचर, तीस वर्षांची नोकरी, झाडू मारण्यापासून बाळ पुसण्यापर्यंत सगळं करणारी. आत टेबलावर बुधरी होती. सात किलोमीटर चालत पहाटे आपल्या आईबरोबर आलेली, दुसरं बाळंतपण. तिला मराठी थोडंच यायचं, सुगंधाबाई तिच्याशी माडियातून बोलायची.

"कळा वाढल्या, सिस्टर. अन् पाणी मांगते."

"द्या घोट घोट." तहसीननं हातमोजे चढवले, तपासलं. अजून चार तास असतील. कदाचित साडेतीन.

ती परत बाहेर आली तेव्हा मनकर्णाची छाती उथळ हलत होती. तिनं तिला एका दमात आकडे मोजायला सांगितलं. मनकर्णा तीनपर्यंत गेली. वीस मिनिटांनी पुन्हा सांगितलं, तर नुसते ओठ थरथरले. ओठांचा रंग जांभळट व्हायला लागला होता.

तहसीननं कपाटातून अंबू बॅग काढली. रबराचा फुगा, एका टोकाला मुखवटा. जिभेमागं प्लॅस्टिकची वाकडी नळी सरकवली, मुखवटा तोंडावर धरला, फुगा दाबला. छाती वर आली. सोडला. छाती खाली गेली.

"काय करून राह्यल्या, मॅडम?" हेमराजनं घाबरून विचारलं.

"तिच्या छातीतली ताकद गेली. विषानं. ती स्वतः श्वास घेऊ शकत नाही, आपण द्यायचा. विष उतरलं की ती घेईल."

"किती वेळ?"

"माहीत नाही. दिवसभर. दोन दिवस. मोठ्या दवाखान्यात मशीन आहे, तिथं पोचेपर्यंत हातानं."

रोशन, अँब्युलन्सचा ड्रायव्हर, तेवढ्यात ओला होऊन आला. तो तहसीनच्या सांगण्यावरून जिल्ह्याच्या वाटेवरच्या नाल्यावर जाऊन आला होता.

"पुलावरून कमरेएवढं पाणी, सिस्टर. गाडी नाई जात. एटापल्लीकडून येणाऱ्या गाड्याही पल्याड थांबल्या हायेत."

"उतरतं का?"

"चढून राह्यलं."

तहसीननं एकदा आतल्या दाराकडे पाहिलं, एकदा हेमराजच्या हातांकडे. मोठे हात होते. नांगरटीचे.

"हेमराजभाऊ, इकडे या. आई, तुम्हीही. दोघं जण लागतात."

शकुबाईला तिनं उशाशी बसवलं. मुखवटा दोन्ही हातांनी धरायचा. तोंडावर दाबायचा नाही, हनुवटी उचलून तोंड मुखवट्यात ओढायचं. शकुबाईची बोटं रोवण्याच्या पाण्यानं फुगून पांढरी झाली होती, नखांच्या कडा फाटलेल्या. पहिल्या वेळी बाजूनं हवा फुस्स निघून गेली. दुसऱ्या वेळीही. तिसऱ्या वेळी छाती उचलली.

"हां. अस्संच धरा. हेमराजभाऊ, तुम्ही फुगा दाबा. एक दाब, मग सोडून एक-दोन-तीन मोजा. पुन्हा दाब. जोर नको. छाती वर आलेली दिसली की बस."

हेमराजनं दाबलं. सोडलं. ओठांनी मोजलं.

"अन् आयका. तिचे डोळे बंद आहेत, हात हलत नाही, पण तिला सगळं ऐकू येतं. ही काही बेहोश नाही. कोणी वेडंवाकडं बोलू नका. बोलायचं तर तिच्याशी बोला."

गुणवंतराव दाराशी उभे होते. छत्री मिटवून तिचं टोक त्यांनी फरशीवर टेकवलं होतं, आणि तिथं पाण्याचं डबकं झालं होतं.

आठ वाजले. नऊ वाजले. तहसीन दर पंधरा मिनिटांनी केसपेपरवर ओळ लिहायची. नाडी, श्वास, फुग्यावर कोण. ८.१५ हेमराज. ८.३० हेमराज. ८.४५ रोशन. ९.०० हेमराज. पायानं दाबायच्या पंपानं घशातली लाळ ओढून काढायची, मग आत पळायची. बुधरीच्या पोटावर हात ठेवून बाळाचे ठोके मोजायची, पुन्हा बाहेर. सुगंधाबाईनं मधेच कोऱ्या चहाचा कप तिच्या तोंडाला लावला. तो तिनं उभ्यानंच घेतला. शनिवारी सकाळच्या पोळीनंतर पोटात तेवढंच गेलं होतं.

शकुबाई सुनेशी बोलत होती. मोठ्यानं, जसं बांधीत दोन ओळी पलीकडच्या बाईशी बोलावं तसं. "पऱ्हे पडले हायेत बांधीत. अर्धी बांधी राह्यली. तू उठली की लावू. शेजारची दुर्गा येतो म्हणे मदतीले. तिच्या हातचं रोवणं तुले माहीत हाय, वाकडी ओळ लावते ते."

हेमराज काही बोलू शकत नव्हता. तो मोजत होता. दहाच्या सुमाराला त्याचा अंगठा वाकडा होऊन तसाच राहिला. त्यानं तो दुसऱ्या हातानं सरळ केला आणि हात बदलला. रोशन होता तोवर आलटून पालटून चालत होतं, पण साडेदहाला तहसीननं त्याला पुन्हा नाल्यावर पाठवलं, पाणी पाहायला आणि पल्याडच्या गाड्यांमध्ये कोणाचा फोन लागतो का पाहायला.

अकरा वीसला बुधरीचं बाळ आलं. मुलगी. लगेच रडली. सुगंधाबाईनं पुसून तिला आईच्या छातीवर ठेवलं. तहसीननं मांडीत इंजेक्शन दिलं, वार बाहेर आली, पूर्ण होती. तिला वाटलं, आता दहा मिनिटांत बाहेर जाता येईल.

मग रक्त आलं. आधी हळू, नंतर एकदम, टेबलाच्या रबरावरून खाली बादलीत त्याची धार लागली. तहसीननं पोटावर हात ठेवला. गर्भाशय कणकेच्या गोळ्यासारखं मऊ झालेलं होतं. ती मूठ वळून चोळायला लागली. "सुगंधाबाई, सलाईन मोकळं सोडा. त्या लाल डब्यातल्या चार गोळ्या द्या मला. लघवीची नळी." बुधरीचा चेहरा राखेसारखा झाला. तिची आई भिंतीला टेकून काहीतरी पुटपुटत होती.

"येर," बुधरी म्हणाली. पाणी.

"देतो, माय, देतो," सुगंधाबाई म्हणाली.

तहसीनचा एक हात आत होता, एक बाहेरून पोटावर. दोन्हींच्या मधे गर्भाशय दाबून धरलेलं. या स्थितीत तिला एक पाऊलही टाकता येत नव्हतं. आणि तेव्हाच तिच्या लक्षात आलं की भिंतीपलीकडचा आवाज थांबला आहे.

सकाळपासून तो आवाज कानात होता. फुग्याचा फुस, मग वाल्वची टिकटिक. आता काहीच नाही. समोरच्या घड्याळात अकरा पन्नास.

"हेमराजभाऊ!" ती ओरडली. "दाबा! काऊन थांबले?"

मग गुणवंतरावांचा आवाज. हळू, जसा माणूस मयतीच्या घरी बोलतो.

"सोड आता, बाबू. चार घंटे झाले. पापणी हालत नाई, पाय हालत नाई. हे गेली. आपन नुसती हवाच भरून राह्यलो."

"हेमराज!"

"मॅडम, ते हालत नाई…" हेमराज रडत होता.

"नाडी चालू आहे! मी सव्वाअकराला पाहिली! दाबा, नाहीतर आता जाईल!"

तिनं हात काढला असता तर बुधरी गेली असती. नाही काढला तर… तहसीननं सुगंधाबाईकडे पाहिलं. सुगंधाबाईच्या एका हातात सलाईनची बाटली होती, उंच धरलेली, कारण स्टँडची खिट्टी मोडलेली होती, आणि दुसऱ्या हातात बाळ.

"सरका तुम्ही!" हा शकुबाईचा आवाज होता. काहीतरी धडपडलं. लोखंडी स्टूल पडलं. "सरका म्हणते ना! गेली का नाई ते बाई सांगन. तुम्ही कोन सांगनारे?"

पुन्हा शांतता. घड्याळाचा काटा. बादलीत थेंब.

मग फुस. वेडावाकडा, हवा गळत असलेला. पुन्हा फुस. मग हळूहळू एका लयीत.

घड्याळात अकरा बावन्न.

पाच-सात मिनिटांनी तहसीनच्या हाताखाली गर्भाशय आक्रसायला लागलं. घट्ट झालं, नारळासारखं. धार थांबली. तरी ती आणखी दहा मिनिटं तशीच उभी राहिली. मग हात काढला, सुगंधाबाईला तिथं पोट चोळत बसवलं आणि रक्तानं भरलेल्या एप्रनवर बाहेर आली.

शकुबाई एकटीच होती. एका तळव्यानं मुखवटा धरलेला, हनुवटी दोन बोटांनी वर ओढलेली. फुगा तिनं कमरेशी दाबून धरला होता आणि दुसऱ्या हाताच्या कोपरानं तो अंगावर आवळत होती. घामानं तिचे केस कपाळाला चिकटले होते. ती आकडे मोजत नव्हती. "उठ," ती म्हणत होती. "उठ. उठ." प्रत्येक दाबाला एक.

हेमराज कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून बसलेला. गुणवंतराव बाहेर पावसात.

तहसीननं मनकर्णाचं मनगट धरलं. नाडी होती. भरभर, पण होती. तिनं चादरीखालून पायाचा अंगठा पकडला आणि वाकून कानाशी म्हणाली, "मनकर्णा, ऐकू येतं तर अंगठा हालव. थोडासा."

काही नाही. शकुबाई पाहत होती. हेमराज उठून आला होता.

अंगठा हलला. मुंगी चढल्यावर पान हलावं, तेवढाच.

हेमराजनं आईच्या हातातून फुगा घेतला. तहसीन केसपेपरजवळ गेली आणि लिहिलं: ११.५० ते ११.५२ बॅग बंद. पुन्हा सुरू, शकुबाई. १२.१५ हेमराज. नाडी एकशे वीस.

पाणी उतरलं साडेतीनला. रोशननं गाडी लावली. तहसीन गाडीच्या दारात उभी राहिली आणि तिला पाऊल उचलता येईना. बुधरीचा रक्तदाब अजून ऐंशीवर होता. पुन्हा रक्त सुटलं तर सुगंधाबाईला इंजेक्शन द्यायचा अधिकार नव्हता. गाडीत गेली तर ही मरेल, नाही गेली तर ती.

"तुम्ही येत नाई?" हेमराजनं विचारलं.

"मला येता येत नाही. आतली बाई सोडता येत नाही." तिनं शकुबाईकडे पाहिलं. "तुम्हाला येतं आता. सकाळपासून तुम्हीच करताय. मी जे करते तेच. लाळ आली की मान बाजूला करून या पंपानं काढायची. रोशन, पल्याड फोन लागला की आधी एकशे आठला लाव, त्यांच्या गाडीत ऑक्सिजन असतो, वाटेत भेटतील. आणि कोणी काही म्हटलं तरी फुगा सोडायचा नाही. पोलीस म्हटला, डॉक्टर म्हटला, तरी मशीन लागेपर्यंत सोडायचा नाही."

"नाई सोडत," शकुबाई म्हणाली.

गाडी वळणावरून दिसेनाशी झाली. तहसीन आत आली, बुधरीचा रक्तदाब घेतला, लिहिला. मग भिंतीला टेकून फरशीवर बसली, आणि तिच्या बोटांची आपोआप दाबा-सोडायची हालचाल होत राहिली.

सोमवारी दुपारी टॉवर आला, आणि डॉक्टरही. पस्तिशीचे, अंगानं बारीक. दीड वर्षं ते एकटेच होते. दुसऱ्या डॉक्टरची जागा भरलीच नव्हती. त्यांनी केसपेपर दोनदा वाचला.

"जिवंत आहे," ते म्हणाले. "मला जिल्ह्याहून फोन आला. व्हेंटिलेटरवर आहे." तहसीननं खुर्चीची पाठ धरली. "पण तिथल्या साहेबांनी विचारलं, पेशंटबरोबर ट्रेंड माणूस का नव्हता? फुगा म्हातारी कशी दाबत होती? हे वर जाणार, तहसीन."

"जाऊ द्या, सर."

"ऐक माझं. तू ऑर्डरशिवाय सिरम दिलंस. ते 'डॉक्टर उपलब्ध नाहीत' तेवढं काढ. नवा केसपेपर कर. मी फोनवर सांगितलं असं लिही. मी म्हणतो, हो, सांगितलं. तुझी नोकरी वाचते, माझीही. तुझं कॉन्ट्रॅक्ट सप्टेंबरला संपतं ना?"

ते धमकी देत नव्हते. आवाजात विनवणीच होती. तहसीनला त्यांची दया आली, आणि त्यांचा रागही.

"टॉवर बंद होता, सर. सगळ्या गावाला माहीत आहे."

"कोण तपासतं?"

"एक कॉपी पेशंटबरोबर गेली आहे. आणि सर, नसती गेली तरी मी नसतं केलं. उद्या तुम्ही नसताना मला पुन्हा सिरम द्यावं लागलं, तर माझ्या लिहिण्यावर कोण विश्वास ठेवील?"

डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला. बराच वेळ पुसला. "मुलगी आजारी होती माझी," ते म्हणाले.

संध्याकाळी तिनं सिंदेवाहीला घरी फोन लावला. अम्मी शमसुन्निसा फोनवरच रडायला लागली. "छोड दे बेटा वो नोकरी. इथी प्रायव्हेट दवाखान्यात ये. रोज घरी तं येशील."

"हव, अम्मी," ती म्हणाली, आणि कपडे न बदलताच झोपली.

नोटीस आठव्या दिवशी आली. वैद्यकीय अधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय औषध का दिलं, आणि अत्यवस्थ रुग्णाला प्रशिक्षित कर्मचाऱ्याशिवाय का रवाना केलं. डॉक्टर कुठे होते, याबद्दल कागदात एक शब्द नव्हता. जिल्ह्याच्या ऑफिसात सकाळी अकराला बोलावलं होतं. ती चार वाजेपर्यंत बाकावर बसली. एक कारकून दोनदा बाहेर येऊन गेला आणि दोन्ही वेळा त्यानं "ते कंत्राटीवाली आली का?" असं तिच्याकडे पाहतच दुसऱ्याला विचारलं.

आत खुर्ची रिकामी होती. साहेबांनी बस म्हटलं नाही.

"तुम्ही डॉक्टर आहात?"

"नाही, सर. स्टाफ नर्स."

"मग?"

"पापण्या पडल्या होत्या, सर. लाळ गिळता येत नव्हती. भिंतीवर तुम्ही पाठवलेला कागद आहे, त्याप्रमाणे दिलं."

"आणि बरोबर का गेला नाहीत?"

"दुसरी बाई रक्तस्रावात होती. मी एकटी होते. शुक्रवारपासून."

साहेबांनी केसपेपरवर पेन्सिल फिरवली आणि एका ओळीवर थांबवली. "हे काय? दोन मिनिटं बॅग बंद. कोणी केली?"

"मी लेबर रूममध्ये होते."

"नातेवाइकांनी थांबवली असं लिहून द्या ना. म्हणजे जबाबदारी त्यांच्यावर जाते, तुमच्यावर येत नाही."

तहसीननं पेन्सिलखालच्या त्या ओळीकडे पाहिलं. त्या घरात तो म्हातारा, तो पोरगा, आणि व्हेंटिलेटरवरून नुकतीच उतरलेली ती बाई, एकाच चुलीवर जेवणार होते. या साहेबाच्या हातात ती ओळ पडली तर पोलिसांच्या कागदात जाईल.

"मी पाहिलं नाही, सर. जे पाहिलं नाही ते नर्सिंगच्या कागदावर लिहीत नाही. नाडी मी पाहिली, ती लिहिली."

"मग चूक कोणाची धरायची?"

"केंद्रात तीन नर्सच्या जागा आहेत, सर. त्या दिवशी एक होती. तेवढं मी उत्तरात लिहिलं आहे."

साहेबांनी कागद बाजूला सारला. महिनाअखेरीला आदेश आला: लेखी ताकीद, आणि कॉन्ट्रॅक्टला मुदतवाढ अकरा महिन्यांऐवजी तीन महिने. शिबिरावरची सिस्टर परत आली. तिसरी जागा तशीच राहिली. सिंदेवाहीच्या प्रायव्हेट दवाखान्याचा फॉर्म तहसीननं भरून ठेवला होता. तो तिनं पाठवलाही नाही आणि फाडलाही नाही.

पोळ्याच्या आधल्या आठवड्यात मनकर्णा तपासणीला आली. ओपीडीत गर्दी होती. ती रांगेत बसली, नंबर आला तशी उठली, आणि चालत आली. गळ्यावर नळीच्या छिद्राची गुलाबी खूण. आवाज घोगरा.

तहसीननं तिला आतल्या टेबलावर घेतलं. डोळे पाहिले. हात दाबून घेतला. पकड चांगली होती. "एका दमात मोज."

मनकर्णा एकतीसपर्यंत गेली. मग थांबली. दाराकडे पाहिलं. बाहेर बाकावर शकुबाई होती. हेमराज अंगणात मोटरसायकलजवळ.

"सिस्टर, मी सारं आयकत होती."

"माहीत आहे मला."

"घरी कोनी बोलत नाई. मी इचारलं तं म्हनते, सगळ्यायनं मिळून वाचवलं. मामाजी आता मले पानी पन आनून देते." तिनं टेबलाच्या रबरावरून बोट फिरवलं. "मामाजीनं सोड म्हटलं. अन् ह्यायनं हात काढला. माह्या छातीत हवा येनं बंद झालं. मले ओरडता नाई आलं. खरं हाय का भास होता? मोठ्या दवाखान्यातली मॅडम म्हने, औषधानं असे भास होते."

तहसीनला सोपं उत्तर माहीत होतं. लाळ काढत होते, म्हणून थांबलो होतो. या बाईला त्याच घरी जायचं होतं. त्याच ओसरीवर झोपायचं होतं.

ती उठली. कपाटातून फाइल काढली.

"वाचता येतं ना तुला?"

"दहावी झाली हाय."

मनकर्णानं कागद मांडीवर घेतला आणि बोट ठेवून वाचायला लागली. सात पाच. सात पंचेचाळीस, बॅग सुरू. हेमराज. हेमराज. रोशन. हेमराज. हेमराज. तिचं बोट हळूहळू खाली सरकत होतं. अकरा पंधरा, हेमराज. मग ती ओळ आली. तिथं ते थांबलं.

"कोनी थांबवली ते लिवलं नाई."

"नाही लिहिलं. पण तुला भास नव्हता. तू ऐकलंस ते खरं होतं."

मनकर्णाचे डोळे भरले नाहीत. ती मान हलवत राहिली. मग पुढच्या ओळीवर गेली. पुन्हा सुरू, शकुबाई. बारा पंधरा, हेमराज. साडेबारा, हेमराज. एक, शकुबाई. दीड, हेमराज. पानाच्या शेवटापर्यंत तिनं सगळं वाचलं, आणि पुन्हा वरून सुरू केलं.

"चार घंटे ह्यायनं केलं, त्याच्या आधी," ती स्वतःशीच म्हणाली.

"हो."

"अन् दोन मिनिटं सोडलं."

"हो."

बाहेर कोणीतरी तहसीनला हाक मारली. एका बाईला कळा सुरू झाल्या होत्या. मनकर्णानं कागद नीट घडी करून फाइलमध्ये ठेवला, फाइल टेबलावर ठेवली आणि खाली उतरली.

तहसीन हातमोजे चढवत खिडकीशी आली. अंगणात हेमराज गाडी सुरू करून उभा होता. मनकर्णा त्याच्यासमोर जाऊन थांबली आणि काहीतरी म्हणाली. त्यानं हॅंडलवरचा उजवा हात काढून पुढं केला. तिनं तो हातात घेतला, उलटा करून पाहिला, अंगठ्याचा सांधा बोटानं दाबून पाहिला. हेमराजनं खाली मान घातली. तिनं हात परत हॅंडलवर ठेवून दिला.

शकुबाई नेहमीसारखी मागच्या टोकाला बसायला निघाली, पण मनकर्णानं तिला दंडाला धरून मधे बसवलं. मग तिच्या मागं स्वतः बसली, सासूच्या कमरेला हात घातला, आणि गाडी निघाली.